ड्रममधली उष्णता कोण नेतं?

"तुझं झाकण नीट बसत नाही, म्हणून उष्णता पळतेय," मार्गदर्शक काळवणे सर सगळ्यांसमोर पुन्हा म्हणाले, तेव्हा सोनियाच्या कानशिलांपर्यंत आग गेली.

उन्हाळी इंटर्नशिपसाठी ती पिशोरहून चिकलठाण्याच्या या संशोधन केंद्रात आली होती. गच्चीवरच्या सोलर पॅनलच्या विजेनं तिथल्याच ड्रममधली वाळू दिवसभर तापवायची आणि ती उष्णता रात्री किती टिकते ते बघायचं, एवढंच काम. सकाळी सगळं सुरळीत चाले. पण रोज जेवणाच्या सुट्टीनंतर तापमान धाडकन खाली! सोनियानं ड्रमला उष्णता अडवणारं ग्लासवूल गुंडाळलं, झाकणावर विटा रचल्या, हीटरसुद्धा बदलला. ग्लासवूलच्या कुसळांनी हात खाजून लाल झाले. तापमान खालीच.

"शेतकऱ्याची पोरगी ना तू? कणगी लिंपतात तसं लिंप की जरा!" सर हसले.

संतापून तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी थंड वाळू चाळायला काढली, तर चाळणीत शेंगांची टरफलं.

त्या दुपारी ती जेवायला गेलीच नाही. पाण्याच्या टाकीआड उन्हात दबा धरून बसली. थोड्या वेळानं हेडक्लार्क काकासाहेब झारा आणि पिशवी घेऊन वर आले. त्यांनी विटा अलगद उतरवल्या, झाकण उघडलं आणि निम्म्या शेंगा वाळूत ओतल्या.

"काकासाहेब!"

"आवं ताई, केवढ्यानं वरडता! काळजाचं पाणी झालं ना."

"माझं संशोधन हाय ते! तुमची भट्टी नाय!"

"आमी कुठं नाय म्हनतो? पर तापलीच हाय, तर वाळू काय झिजती का? घ्या मूठभर. लई खमंग निघत्यात."

ती पिशवी हिसकावून तरातरा सरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, ही बघा पळालेली उष्णता!"

सरांनी पिशवीत डोकावून पाहिलं. त्यांच्यासमोर, वर्तमानपत्रावर, टरफलांचा ढीग होता.

"म्हणजे शेंगा गच्चीवरून येतात? मला वाटलं, काकासाहेब जालना रोडवरच्या गाड्यावरून आणतात."

"रोज खाता?"

"रोज म्हणजे... चहाबरोबर."

"आणि बोलणी मी खायची! लेखी आदेश काढा, सर. आत्ताच."

सरांनी तोंडातला दाणा गिळून मान डोलावली.

"आणि कणगीचं?"

"ते मागे घेतो."

संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर नोटीस लागली : 'गच्चीवरील तापलेल्या वाळूत शेंगा भाजण्यास सक्त मनाई आहे.' सोनिया कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निर्धास्तपणे गच्चीकडे निघाली, तर जिन्यातच रांग! लेखा विभाग, ग्रंथालय, झालंच तर शेजारच्या इमारतीतले दोघं. वर वाळू तापते हे ज्यांच्या गावीही नव्हतं, ते सगळे हातात डबे घेऊन उभे.

"नोटीस वाचली नाय का तुमी?" ती कडाडली.

"वाचली ना, मॅडम. म्हनूनच तर कळलं," रांगेत पुढे उभ्या असलेल्या लेखा विभागाच्या सुरेखाबाई अदबीनं म्हणाल्या आणि त्यांनी डब्याचं झाकण उघडून दाखवलं. "शेंगाला मनाई हाय. हा मका हाय."