ब्रॅसरीची तपासणी

मुलाकडचे लोक ममताला पाहायला आर्णीला घरी येणार नव्हते. रविवारची भेट यवतमाळच्या नव्या ब्रॅसरीत, म्हणजे फ्रेंच पद्धतीच्या हॉटेलात, ठरली होती. हे ऐकल्यापासून ममताचे वडील भावसिंग यांना संशय आला होता. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. कोणाकडे तिकीट नाही, हे ते नुसत्या मानेवरून ओळखायचे.

"घरी यायले काय होते त्याईले?" ते म्हणाले. "काहीतरी लपवून राह्यले."

"बा, लय चालते थे हॉटेल. बाहेर लाइन असते," ममता म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो! जेवाले कोणी लाइन लावते का?"

"मंग जाऊन पाहून या ना एकडाव," त्यांची बायको जमनी वैतागली. "इथं आमचं डोस्कं नका खाऊ."

गुरुवारी भावसिंग गेले. पाऊण तास रांगेत उभे राहिले. मेनूकार्डावर पहिलंच नाव कांद्याच्या सुपाचं. मुलगी पाहायला कांदेपोहे समजू शकतो; पण नुसता कांदा, तोही पाण्यात? त्यांनी तेच मागवलं आणि रुमालाने चमचा पुसायला घेतला. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ पाव नाकाशी धरून बसले होते.

"ताजा हाये का?" भावसिंगनी विचारलं.

"वरून दगड, आतून कापूस. काही समजून नाही राह्यलं." गृहस्थांनी खुर्ची जवळ ओढली. "मी रामलाल, पांढरकवड्याचा. पोराची सोयरीक हाये. मुलीवाल्याईनं रविवारी इथं बोलावलं, म्हणून पाहाले आलो. घरी काहून नाही बोलावत? अन् मुलीचा बाप म्हणे कंडक्टर होता. जलमभर लोकाईवर संशय घेतलेला मानूस!"

भावसिंगचा चमचा पुसणारा हात थांबला. "जागा आम्ही नाही ठरवली."

"आम्ही म्हंजे?"

"मी भावसिंग. आर्णी."

रामलालने पाव हळूच खाली ठेवला. नशिबाने तेवढ्यात दोघांचंही सूप आलं. बोलायला नको म्हणून दोघे मान खाली घालून खाऊ लागले. वरचं वितळलेलं चीज ताणत ताणत रामलालचा चमचा टोपीपर्यंत गेला, तरी तुटेना. शेवटी भावसिंगनी सुरीने ते कापून दिलं, आणि तिथून गप्पा सुरू झाल्या. जागा ममता आणि रामलालच्या पोरानेच ठरवली होती, आणि आपापल्या घरी ती समोरच्यांनी ठरवली असं सांगितलं होतं. म्हणजे ही पोरं आधीपासूनच इथं भेटत होती! हे लक्षात आल्यावर दोघा बापांनी आणखी एकेक सूप मागवलं.

संध्याकाळी जमनीने विचारलं, "मंग? जायाजोगं हाये का थे?"

भावसिंगनी चपला काढता काढता चेहरा गंभीर केला. "एका चकरेत नाही समजत. मले अजून संशयच हाये. उद्या पुन्हा जातो."

"एकलेच?"

"नाही. पांढरकवड्याचे एक तपासनीस हायेत सोबतीले."