गाळलेली आत्या

माझ्या नव्या कादंबरीला एक दुष्ट बाई हवी होती आणि थोरली मेहुणी आमच्याकडे चार दिवस राहायला आली होती. आयतं समोर आहे तर घेऊन टाकू, एवढंच माझ्या मनात आलं. त्यानंतर मी नीट जेवलेलो नाही.

मी मुलांसाठी लिहितो. (एकदा मोठ्यांसाठी लिहिलं होतं. वाचणारे पोट धरून हसले. ती शोकांतिका होती.) तर ताई. दिलेला पेला रुमालाने पुसल्याशिवाय त्या पाणी पीत नाहीत, पंख्याखाली माणूस बसलेला असताना पंखा बंद करतात आणि "मी काही बोलणार नाही" असं म्हणून पाऊण तास बोलतात. मी सगळं जसंच्या तसं उचललं. ओळखू येऊ नये म्हणून मावशीची आत्या केली आणि चष्मा काढून टाकला.

पुस्तक आलं. प्रकाशक म्हणाले, "मागचं अजून गोदामात पडलंय. हे उठलं तर पुढच्याचं बघू."

मी तोंड पाडून घरी आलो तर ही खुशीत होती. "ताईशी बोलले. तिच्या शाळेत तुमचं वाचन ठेवलंय. ती मुख्याध्यापिका आहे, तिच्या शब्दावर आणखी दहा शाळा पुस्तक घेतील. शंभर प्रती मागवल्यासुद्धा."

"त्यांनी वाचलंय?" मी विचारलं.

"तिला कुठला वेळ? म्हणाली, कार्यक्रमातच ऐकेन."

पुढचे तीन दिवस मी आत्या नसलेलं प्रकरण शोधत होतो. सव्वीस प्रकरणांपैकी पंचवीस प्रकरणांत ती होती. सव्विसाव्यात ती कायमची निघून गेलेली असते आणि मुलं गच्चीवर नाचतात. शेवटी मी पाचवं प्रकरण निवडलं, त्यातल्या आत्याच्या ओळींवर पेन्सिलीने काट मारली आणि उरलेलं वाचून पाहिलं. एक मुलगा दार उघडतो, घाबरतो आणि दार लावतो. का, ते समजत नव्हतं.

शाळेच्या सभागृहात पहिल्या रांगेत ताई, शेजारी प्रकाशक. मागे शंभर मुलं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक आणि ओळीखाली धरलेली पट्टी. ही त्या शाळेची शिस्त. कोणी वाचत असेल तर बाकीच्यांनी ओळीवर पट्टी ठेवायची, आणि वाचणाऱ्याने काही गाळलं तर हात वर करायचा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मुलाने दार उघडलं. मी पहिली उडी मारली. शंभर हात वर.

"सर, तुम्ही नऊ ओळी गाळल्यात," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"त्या जरा कंटाळवाण्या आहेत," मी म्हणालो. प्रकाशकांनी डोळे मिटले.

"कंटाळवाण्या असल्या तरी वाचायच्या असतात," ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तू वाच गं. मोठ्याने."

ती खणखणीत आवाजात वाचायला लागली. पेला आला, पंखा आला, पाऊण तास आला. सभागृह हसून लोळत होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या, डायरीत काहीतरी लिहीत होत्या.

शेवटी ताई आभार मानायला उठल्या. "मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या.

मग शंभर मुलांनी हळूच पाचवं प्रकरण पुन्हा उघडलं. ताई शिस्तीवर चाळीस मिनिटं बोलल्या. मध्ये शिपायाने पाणी आणून दिलं, त्यांनी रुमाल काढला, आणि मागच्या रांगेतली दोन मुलं बाकावरून खाली घसरली.

"घरी जाऊन पूर्ण वाचते," निघताना ताई मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून काहीही कळेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. ही कपड्यांच्या घड्या घालत होती, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"वाचलं," ताई म्हणाल्या. "आत्या कोणावरून घेतलीत ते पहिल्याच पानावर कळलं."

मी टेबल धरलं.

"फार बरं केलंत. लहानपणापासून सहन करत आलेय मी. पेला पुसायचा काय, पंखा बंद करायचा काय. हुबेहूब आमची धाकटी."

हिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "मी? अगं ताई, मी अर्धं वाचलंय. मला तर ती तू वाटलीस. तुला लागेल म्हणून बोलले नाही."

मग दोघींनी एकाच सुरात विचारलं, "कोणावरून घेतली?"

कोणाचंही नाव घेतलं असतं तरी माझी धडगत नव्हती. "माझ्यावरून," मी म्हणालो.

दोघी इतक्या हसल्या की हिला खाली बसावं लागलं.

"काहीतरीच काय," ताई म्हणाल्या. "तुम्ही तर ते चौथ्या प्रकरणातले, आत्या आली की कपाटात लपणारे शेजारी."

"अगदी तेच," ही डोळे पुसत म्हणाली. "चालण्यासकट."

काल प्रकाशकांनी बोलावून घेतलं. शाळांची मागणी आली आहे आणि त्यांना पुढची कादंबरी हवी आहे. मात्र आत्या नको, तो कपाटातला शेजारी नायक हवा.

"तुम्हाला जमेल," ते म्हणाले. "त्या दिवशी व्यासपीठावर पाहिलं ना तुम्हाला."