शेवंताआत्याचा खासगी सल्ला

आमच्या शेवंताआत्याला हळू बोलता येत नाही. जन्म गेला कामतघर नावाच्या मागवाल्यांच्या वस्तीत, घराच्या दोन्ही अंगांना धडधडणारे लूम. तिथं कानात सांगायची गोष्टसुद्धा ओरडूनच सांगावी लागते. त्यात तीस वर्षं नर्सची ड्युटी. लग्न केलं नाही, विचारलं तर म्हणते, "टाइमच न्हाय गावला." आणि रिटायर झाल्यावर या बाईनं काम कुठलं धरावं? तर कॉलेजच्या पोरापोरींच्या नको त्या प्रश्नांना इंटरनेटवर गुप्त उत्तरं द्यायचं!

ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यासाठी वेबसाइट काढली होती. पोरं नाव न लिहिता विचारायची, प्रश्न आत्याच्या ईमेलवर यायचे. तिला टायपिंग येईना, म्हणून सायबर कॅफेत माझी वेठबिगारी. ती सांगणार, मी बडवणार.

"लिव पोरा! हातानं केल्यानं कमजोरी येत न्हाय! डोळे जात न्हाईत! पुढं लिव, कंडोम..."

"आत्या, हळू गं!"

"का? कंडोम काय चोरीचा माल हाय?"

आजूबाजूच्या केबिनमधली कीबोर्डची खडखड बंद. मी लाजेनं अर्धा झालेला. एकदा तर पडद्यामागून आवाज आला, "मौसी, वो एक्सपायरी डेटवाला फिर से बोलो ना."

आत्यानं पुन्हा सांगितलं, वर दरडावलं, "और पाकीट में मत रखना, गरमी से खराब होता है!"

दोन पोरांचा बाप असलेला कॅफेवालाही कान टवकारून ऐकत होता.

मग एक दिवस टीवायच्या एका मुलीचा मेल आला. पाळी दीड महिना चुकली होती. 'घरी कळलं तर जीव देईन,' असं लिहिलं होतं. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"लिव. उद्या दहाला सरकारी दवाखान्यात, बायकांच्या ओपीडीभायेर बसते. हिरवं लुगडं. नाव सांगू नको. पण ये गं बाय."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून तिला नेलं. दहाचे साडेबारा झाले. आत्यानं चहासुद्धा घेतला नाही, दारातून येणारी प्रत्येक पोर निरखत होती. मला तर भलभलत्या शंका यायला लागल्या. शेवटी तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक मुलगी चोरपावलांनी आली आणि शेजारी बसली. आत्यानं काही न विचारता तिचा हात धरला, खिडकीवर स्वतःच केसपेपर लिहून घेतला आणि तिला आत नेलं.

तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परीक्षेच्या धास्तीनंही पाळी लांबते. बाहेर येऊन ती पोर हमसून हमसून रडली. मग घाबरून म्हणाली, "मावशी, माझ्या आईला सांगणार नाही ना?"

"तिला काय सांगू?" पदरानं तिचे डोळे पुसत आत्या म्हणाली. "केसपेपरवर आई म्हणून माझंच नाव हाय."