पार्कातला कट्टा

"डायनासोर!" विश्वनाथ टिपणीसांनी सोसायटीची नोटीस टेबलावर आपटली, तशी आमटीची वाटी डचमळली. "पंधरा फुटी! आणि दर अर्ध्या तासाने डरकाळी फोडणार म्हणे. ह्याला हे पार्कातली कला म्हणतात!"

"अहो, लोकांकडून सूचना मागवल्यात ना? मग द्या तुमची," कुमुदताई म्हणाल्या. "माझ्यावर कशाला ओरडता?"

विश्वनाथांना ओरडायला कारण लागत नसे, पण ह्या वेळी होतं. केंद्र सरकारच्या नोकरीत पस्तीस वर्षं काढून ते दिल्लीतच, मयूर विहारात स्थायिक झाले होते. कुमुदताई पूर्वी करोल बागेत मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत गायच्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि तिथवर जाणं संपलं. घरात त्या गाईनात. "भिंतींना काय ऐकवायचं?" असं एकदाच म्हणाल्या होत्या, पण ते विश्वनाथांच्या मनात रुतून बसलं होतं. आता कुमुदताईंची चाल पोचायची ती समोरच्या पार्कापर्यंत. तिथे चार माणसं बसतील, कोणी गाईल, कोणी ऐकेल, असा कट्टा हवा, एवढंच विश्वनाथांचं म्हणणं. बायकोसाठी मागतोय असं मात्र ते मेले तरी लिहिणार नव्हते.

त्यांचं हिंदी फायलींपुरतं पक्कं होतं. संतापले की मात्र त्यात मराठी घुसे. त्या दुपारी ते भलतेच संतापलेले होते. त्यांनी लिहिलं: 'हमें डायनासोर नहीं चाहिए। हम बुज़ुर्गों को पार्क में एक कट्टा चाहिए। एक बार कट्टा हाथ आ जाए, फिर देखिए हम रोज़ शाम कैसा रंग जमाते हैं। मना किया तो मैं चुप नहीं बैठूँगा।'

सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढा. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घाम पुसला आणि त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. विश्वनाथ त्या ग्रुपवर नव्हते. ते भांडून बाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी ते लिफ्टमध्ये शिरले तशा आतल्या दोघी बायका बाहेर पडल्या. कधी मान वर न करणारा गेटवरचा गार्ड ताडकन उभा राहिला.

"बघितलंस कुमुद?" घरी परतताच ते म्हणाले. "पत्राचा परिणाम! मसुदा कसा असावा, हे आमच्या पिढीलाच कळतं."

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक फौजदार आणि श्याम नावाचा हवालदार उभे होते.

"टिपणीस साहब? कट्टा आपको चाहिए?" फौजदाराने विचारलं.

"हाँ, मुझे ही चाहिए! उसमें पुलिस का क्या काम?"

"करेंगे क्या उसका?"

"शाम को चार-पाँच लोग मिलके इस्तेमाल करेंगे. और क्या?"

फौजदाराने वही उघडली. "पहले कभी रखा है?"

"अरे, हमारे सातारा में तो हर गली में होता है! हमारे पिताजी का तो घर के सामने ही था."

"खानदानी है," श्याम पुटपुटला.

"साइज़?"

"कम से कम बीस फुट!"

फौजदाराचं पेन थांबलं. "बीस फुट? अंकल, वो तो तोप हो गई."

आतून कुमुदताई भिंतीला धरून बाहेर आल्या. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना हसूच फुटलं. त्या खुर्चीत बसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. ऑपरेशननंतर त्या अशा हसल्या नव्हत्या.

"अहो, इकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल!" मग फौजदाराकडे वळून म्हणाल्या, "भैया, इन्हें चबूतरा चाहिए. बैठने का."

विश्वनाथ ओशाळले असतील असं वाटेल, पण ते आणखीच भडकले. "मग ह्यांनी बदलावा आपला शब्द! आम्ही का बदलायचा?"

फौजदारही हसला. पण चड्ढांनी केलेली तक्रार नोंदली गेली होती, आणि लेखी हुकूम निघाला: कट्टा हाती आल्यापासून महिनाभर त्यावर नजर ठेवावी. म्हाताऱ्या माणसावर पोलीस घातले म्हणून चड्ढांना चारचौघांत तोंड दाखववेना. डरकाळी वजा करून डायनासोर आला आणि त्याच्या शेजारी, मुकाट्याने, चबुतराही मंजूर झाला.

दोन महिन्यांनी चबुतरा तयार झाला. पहिल्या संध्याकाळी कुमुदताई त्यावर बसल्या. पहिला सूर कापरा लागला, दुसरा स्थिरावला. फिरायला आलेली माणसं थबकली. विश्वनाथ मात्र बाजूला उभे राहून पहारा देत होते.

"मोबाइल बंद करो! ए, बच्चे को सँभालो! भेलपुरी बाद में! यहाँ गाना हो रहा है, समझ में नहीं आता?"

गाण्यापेक्षा त्यांचाच आवाज लांब जात होता. हुकुमाप्रमाणे ड्यूटीवर आलेला हवालदार श्याम काठी बगलेत मारून पुढे आला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अंकल, या तो बैठ जाइए, या चौकी चलिए. आंटी गा रही हैं."

कुमुदताईंनी तान न मोडता श्यामला मान डोलावून दाद दिली. विश्वनाथ रागाने लालबुंद झाले, काहीतरी बोलणार होते, आणि बसले.