वाचून पटले, कार्यवाहीस्तव

सकाळी सव्वासातला मधुकररावांनी संगणक उघडला आणि पडद्यावरचा आकडा बघून त्यांच्या हातातला चहा तोंडापर्यंत पोचलाच नाही. न वाचलेले : तीनशे बारा.

"अजी, कोनी गेलं का?" शकुनबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. नवऱ्याचा चेहरा असा उतरण्याचं दुसरं कारण त्यांना सुचेना.

"तीनशे बारा आले."

"बाप्पा! अन् जेवून जातीन का?"

मधुकररावांनी चहा तसाच खाली ठेवला. ज्या बाईला प्रलंबित प्रकरणांचं गांभीर्य कळत नाही, तिच्यासोबत छत्तीस वर्षं काढली होती. आणखी एक सकाळ काढणं अवघड नव्हतं.

मधुकरराव एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षं आवक-जावक लिपिक होते. टपाल आलं की शिक्का मारायचा, कोपऱ्यात ‘संबंधिताकडे’ असं लिहायचं आणि कागद दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचा. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एक कागद शिल्लक राहिला नाही आणि चौतीस वर्षांत त्यांनी एक कागद वाचला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर निरोप समारंभात साहेबांनी त्यांना ‘कार्यतत्पर’ म्हटलं. साहेबांनीही भाषण वाचलेलं नव्हतं. हाती आलं तसं म्हणून टाकलं.

निवृत्तीनंतर भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या घरात टपाल येईना. मधुकरराव वर्तमानपत्र मोठ्यांदा वाचून दाखवू लागले, निविदा सूचनांसकट. शेवटी मुलीनं, रितानं, मार्ग काढला. ती भंडाऱ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची आणि दिवसभर लोकांचं रक्त काढून घरी आल्यावर स्वतःचं आटवून घ्यायची तिची तयारी नव्हती. तिनं संगणकावर एक पान उघडून दिलं.

"बाबा, याले फीड रीडर म्हणतात. तुमाले आवडते ते ब्लॉग, पेपर, सगळे याच्यात जोडायचे. कोठंही नवीन काही आलं, का इथं आपोआप येऊन पडते. फिरत बसायची गरज नाई."

"अन् हा आकडा?"

"न वाचलेले किती, ते. मन झालं तं वाचा, नाई तं सोडून द्या."

‘सोडून द्या’ हे मधुकररावांना ऐकू आलं, पण समजलं नाही. आकडा म्हणजे शिल्लक. शिल्लक म्हणजे बदनामी. त्यांनी आठवड्याभरात शहाऐंशी ब्लॉग जोडले. धान, मधुमेह, होमिओपॅथी, धरणं, ग्रहगोल, पेन्शन, मोड आलेली कडधान्यं. सगळं टपाल आपल्याकडेच येतंय या सुखात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आकडा हजारावर गेला आणि मधुकररावांना जेवण जाईना.

मग जुनी विद्या कामी आली. प्रत्येक लेखाखाली ‘ईमेलने पाठवा’ अशी सोय होती. ती दाबली की सबंध लेख समोरच्याकडे जायचा आणि इकडची शिल्लक एकानं कमी व्हायची. मधुमेहाचे लेख मेहुण्याकडे वर्ग झाले, पेन्शनचे जुन्या सहकाऱ्यांकडे, ग्रहगोल नागपूरच्या साळ्याकडे, म्हणजे शकुनबाईंच्या भावाकडे. प्रत्येकावर एकच शेरा जायचा, तो त्यांनी एकदाच टाइप करून ठेवला होता : ‘संपूर्ण वाचले. शब्दनशब्द पटले. माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव.’ सकाळी साडेनऊपर्यंत शिल्लक शून्य. मेहुण्यानं महिन्याभरात ईमेल बदलला, पण ते त्याचं टेबल. मधुकररावांचं टेबल स्वच्छ होतं.

अशा सुखात रिताची सोयरीक आली.

मुलगा कुलदीप, गोसीखुर्दला धरणावर नोकरीला. वडील बाबुलालजी, आंधळगावला राईस मिल. मधे भय्याजी, या तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवली होती आणि उरलेली निम्मी मोडताना ते हजर होते. रिताला आजवर तीन स्थळं आली होती. एकाला ती नको होती, दोघं तिला नको होते. हे चौथं मधुकररावांना मनापासून हवं होतं. मुलगा सरळ होता, जवळचा होता, आणि भय्याजींच्या शब्दांत सांगायचं तर "लेखक हाय पोरगा. इंटरनेटवर लिहिते. पान्यावरचे पाखरं गिखरं."

मधुकररावांनी त्याच दिवशी कुलदीपचा ब्लॉग जोडून घेतला. त्याच्या लेखांना शीर्षकं नव्हती, क्रमांक होते : नोंद अडतीस, नोंद एकोणचाळीस. क्रमांक टाकणारा जावई मिळतोय हे पाहून त्यांचा ऊर भरून आला. नोंदी कोणाकडे वर्ग करायच्या हा प्रश्न नव्हता; मुलाचं कौतुक बापाकडे. धानाचे लेख बाबुलालजींना तसेही रोज चार जात होतेच. मिलचा कारकून धर्मेंद्र ते छापून मालकाच्या टेबलावर ठेवायचा, आणि मालक त्यावर चिवडा खायचे.

रविवारी पाहुणे येऊन मुलगी पाहून गेले. संध्याकाळीच भय्याजींचा फोन आला : पसंत. रिता मात्र म्हणाली, "मी बुधवारी सांगीन."

"बुधवारी काहून? आज काय हरताळ हाय का?" शकुनबाई म्हणाल्या.

"आई, तो काहीच नाई बोलला. बोलले ते त्याचे बाबा अन् माहे बाबा."

दोन दिवस पाहुण्यांच्या गडबडीत शिल्लक साचली, आणि मंगळवारी सकाळी तीनशे बारा झाले ते असे. त्यांत नोंद एकेचाळीस होती. मधुकररावांनी क्रमांक पाहिला, शेरा लावला, बाबुलालजींकडे पाठवली, आणि साडेनऊला शून्य शिलकीवर दही-भात जेवले.

अकराला भय्याजींचा फोन आला.

"मधुकरराव, तुमी काय धाडलं बाबुलालजीले?"

"रोज धाडतो तेच. काहून?"

"धर्मेंद्रानं मिलात गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचलं ना, भाऊ! मालकाच्या पोराचं हाय म्हनून कौतुकानं वाचाले गेला. लोकं पोत्यावर बसून हासून राहिले. आमी येऊन राहिलो तुमच्याकडे. घरीच राहा."

मधुकररावांनी घाईनं संगणक उघडला, वाचलेल्यांच्या यादीत जाऊन नोंद एकेचाळीस शोधली, आणि निवृत्तीनंतरच काय, नोकरी धरूनही पहिल्यांदाच आपल्या टेबलावर आलेला एक कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

‘रविवारी मुलगी पाहायला गेलो. मुलगी कमी, तिच्या घरामागचा प्लॉट जास्त पाहिला. बाबांनी तो पावलांनी मोजला. वळताना एक पाऊल चुकलं म्हणून पुन्हा मोजला. मुलीच्या वडिलांनी अडीच तास भाषण केलं. विषय पाच होते, मुद्दा एकही नव्हता. मुलीशी बोलायला सात मिनिटं मिळाली. चार मी घाम पुसण्यात घालवली. तिनं विचारलं, तुमचं स्वतःचं मत काय? मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. तेव्हापासून मला माझीच लाज वाटते आहे. मुलगी फार चांगली आहे. तिनं मला नाही म्हणावं.’

खाली मधुकररावांचा शेरा : संपूर्ण वाचले. शब्दनशब्द पटले. योग्य त्या कार्यवाहीस्तव.

रिताला लॅबमधून बोलावून घेतलं. ती आली, पडद्यावरचं वाचलं, आणि हात धुवायला गेली. शकुनबाईंनी सवयीनं पोहे भिजवले. पाहुणे भांडायला येत असले तरी येत होतेच.

साडेबाराला गाडी आली. बाबुलालजींच्या हातात छापलेला कागद होता. मागे भय्याजी, आणि सर्वांत मागे कुलदीप, रविवारसारखाच घामाघूम.

"मधुकरराव," बाबुलालजी चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "मी पावलानं प्लॉट मोजला म्हनून लिहून धाडता? अन् वरून माह्या पोराचं नाव टाकता?"

"मी नाई लिहिलं. ब्लॉगवर हाय ते. तुमच्या चिरंजीवाच्या."

"कोठी हाय? धर्मेंद्रानं सारं पाहलं. तिथी चाळीस पावतर हाय. एकेचाळीस हायच नाई! धाडनाऱ्याचं नाव कोनाचं? तुमचं. शेरा कोनाचा? तुमचा."

सगळ्यांनी कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपनं छताच्या पंख्याकडे पाहिलं. त्यानं ती नोंद टाकल्यावर दहा मिनिटांत काढून टाकली होती. पण ब्लॉगवरून काढलेलं फीड रीडरनं आधीच उचलून आपल्या पोटात ठेवलं होतं. इतकं कार्यक्षम टपाल खातं आपल्या देशात असेल याची त्याला कल्पना नव्हती.

"बरं, एक सांगा," भय्याजींनी वकिली सुरू केली, "तुमी वाचून धाडलं का न वाचता? न वाचता धाडलं असन तं चूक झाली म्हना, मिटलं."

सुटका समोर होती. मधुकररावांनी फक्त ‘न वाचता’ म्हणायचं होतं. पण तो शब्द तोंडातून निघेना. चौतीस वर्षांचे शिक्के डोळ्यांपुढून गेले. एकदा हे कबूल केलं की मेहुणा, साळा, पेन्शनर, सगळे विचारतील. ते ताठ बसले आणि म्हणाले, "मी काहीच न वाचता पाठवत नाई."

"पाहा!" बाबुलालजींनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे मुद्दाम धाडलं! शब्दनशब्द पटलं म्हंते! चाल रे कुलदीप."

"थांबा! मी दाखवतो," मधुकरराव संगणकाकडे धावले. "डोळ्यानं पाहा, लिहिणारा कोण ते."

तोवर आणखी चाळीस लेख येऊन पडले होते. घाईघाईनं त्यांनी यादी सरकवली, एक खूण दाबली, मग ती बरोबर नाही म्हणून दुसरी, ‘सर्व वाचलेले समजा’ ही. पान क्षणभर थांबलं. मग पडद्यावर एक हिरवा डोंगर आणि एक वाक्य आलं : ‘अभिनंदन! वाचण्यासारखं काहीही उरलेलं नाही.’

"हे दाखवाले धावले?" बाबुलालजी म्हणाले.

मधुकररावांनी आयुष्यभर ज्या शून्याची पूजा केली, ते समोर उभं होतं आणि त्यांची सोयरीक बुडवत होतं. तीन पाहुणे, एक बायको, एक मुलगी आणि हिरवा डोंगर.

"मी लिहिलं," कुलदीप म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की भय्याजींनी "कोन?" असं विचारलं.

"मी लिहिलं, बाबा. मधुकरमामाजींनी नाई. अन् तुमी प्लॉट मोजला. दोनदा."

बाबुलालजींनी हातातला कागद पुन्हा एकदा पाहिला. "मंग काढून काहून टाकलं बे?"

"तुमी वाचसान म्हणून."

"अन् आता?"

"आता तुमी वाचलं. आता कायले भ्यायचं?"

स्वतःच्याच वाक्यानं दचकून तो खुर्चीवर बसला. रिता इतका वेळ दाराला टेकून उभी होती.

"म्हणजे मी नाई म्हणावं, हे तुमचं मत हाय?" तिनं विचारलं.

"होतं. मंगळवारपर्यंत."

"आज मंगळवारच हाय."

"मग... सकाळपर्यंत होतं."

"आता काय हाय? का घरी विचारून सांगता?"

"नाई," कुलदीप म्हणाला. "घरचे इथंच हायेत अन् मी त्यांना विचारून नाई राहिलो. तुम्ही हो म्हणावं, असं हाय."

"चला, अंगणात सांगा नीट. सात मिनिटं नका लावू, मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली."

ती बाहेर गेली. तो मागोमाग गेला, आणि जाताना दारात वडिलांची परवानगी घ्यायला थांबला नाही. भय्याजींनी पुढे होऊन "अरे, मुहूर्त गिहूर्त—" असं सुरू केलं, पण बाबुलालजींनीच त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा बाप्पा. तो पाहून राहिला असन. संध्याकाळी लिहून टाकते."

शकुनबाईंनी पोहे आणले. बाबुलालजींनी पहिल्या घासालाच, खिडकीबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "वा! अशे पोहे आंधळगावात भेटत नाई" असं जाहीर केलं. रविवारी याच पोह्यांत मीठ कमी आहे असं ते म्हणाले होते. लग्नात आमचं काही मागणं नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा अधिक स्पष्ट उच्चारात. मधुकररावांच्या जिभेवर धानाच्या खरेदीचे चार मुद्दे आले होते. त्यांनी ते पोह्यांबरोबर गिळले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मुलांना आत बोलवायचं धाडस कोणी करेना.

"मधुकरराव," बाबुलालजी शेवटी हळूच म्हणाले, "हे तुमचं जे हाय, ते माह्या मोबाइलात बसवून देता का?"

"कायले? धानाचे लेख तं मी धाडतोच."

"धान जाऊ द्या. पोरगं काय लिहून ठेवते ते समजाले पायजे ना."

मधुकररावांनी मोबाइल घेतला, फक्त एकच ब्लॉग जोडला आणि दोघं होणारे व्याही डोक्याला डोकं लावून नोंद एकपासून वाचायला बसले. एकही ओळ न गाळता, बोट ठेवून.

‘पाणकावळा,’ मधुकरराव दबक्या आवाजात वाचत होते, ‘पोट भरलं की काठावरची सगळ्यांत चांगली जागा धरतो आणि दोन्ही पंख पसरून तासन्तास बसून राहतो. कोणी जवळ आलं तरी सरकत नाही.’

दोघं थांबले. बाहेर रिता कशाला तरी मोठ्यानं हसली.

"हे तुमच्यावर हाय का माह्यावर?" बाबुलालजींनी विचारलं.

"दोन वर्षं जुनी नोंद हाय. तेव्हा त्याची माही तं ओळखही नव्हती."

बाबुलालजींनी सोफ्याच्या पाठीवर लांबवर पसरलेले आपले दोन्ही हात हळूच गोळा केले, मांडीवर ठेवले, आणि कडेला अंग चोरून बसलेल्या भय्याजींना नीट बसायला जागा करून दिली.