गाण्यांचा तह

मला गाण्यातलं कळतं. हे मी नाही म्हणत, माझे पेशंट म्हणतात. निदान तोंडात माझी दोन बोटं, आरसा आणि कापसाचे बोळे असताना कोणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. मी दातांचा डॉक्टर आहे. अठ्ठावीस वर्षं माझ्या दवाखान्यात जुनी गाणी वाजत आली आहेत. संथ, सुरेल, शब्द न् शब्द कळणारी. साधी दाढ दोन कडव्यांत निघते. अक्कलदाढ असेल तर मी शोकगीतं लावतो, ती लांब असतात.

मग मुलगीही दातांची डॉक्टर झाली आणि माझ्याच दवाखान्यात शेजारच्या खोलीत बसायला लागली. मला अतोनात आनंद झाला. तिनं स्पीकर लावेपर्यंत तो टिकला.

तिच्या गाण्यांत एक माणूस घाईघाईत काहीतरी बोलत असतो, दुसरा मधूनमधून "हे, हे" करून त्याला दुजोरा देतो आणि मागे कोणीतरी पत्रा बडवत असतं. मी फार काही बोललो नाही. एवढंच विचारलं, "अगं, हे गाणं आहे की भाडेकरूंचं भांडण?"

"बाबा, तुमच्या गाण्यांनी पेशंट रडतात."

"ती भावना असते."

"परवाचे काका भूल द्यायच्या आधीच रडत होते."

यावरून जे पेटलं ते आठवडाभर विझेना. ती माझ्या गाण्यांना 'मयताला जाऊन आल्यासारखी' म्हणाली. मी तिच्या पिढीचे कान, मेंदू आणि एकूण भवितव्य यांवर जेवताना सविस्तर बोललो. शेवटी बायको मध्ये पडली. दवाखान्याच्या काउंटरवर तीच बसते. अपॉइंटमेंटची वही तिच्याकडे, त्यामुळे सत्ताही तिच्याकडेच.

"दोघांनी आपापल्या खोलीत आपापली गाणी लावायची, दार लोटून. एकमेकांच्या गाण्यांबद्दल एक शब्दही काढायचा नाही. जो बोलेल त्याचा स्पीकर वर्षभर माझ्या कपाटात."

बायको बोलते ते करते. माझी बुद्धिबळाची पेटी त्या कपाटात जाऊन चार वर्षं झाली. आम्ही दोघांनी मुकाट्यानं तह मान्य केला.

सोमवारी सकाळी माझ्या खुर्चीत निवृत्त मास्तर होते. खालची दाढ किडलेली. ड्रिल सुरू करतोय तोच भिंतीपलीकडून आवाज आला. घर्रर्र-ठक. घर्रर्र-ठक. खाली घोगरा सूर आणि मधूनच कोणाचा तरी गळा दाबल्यासारखी किंकाळी. तीन मिनिटं चाललं, थांबलं आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी छताकडे पाहिलं.

"आजकालचं संगीत," मी हळूच म्हणालो. पेशंटशी बोलणं तहात बसत होतं.

मास्तरांनी उघड्या तोंडानं जो आवाज काढला त्यात एका अख्ख्या पिढीचा धिक्कार होता. मी त्या दिवशीचं काम उरकलं आणि त्यांना बुधवारी बोलावलं.

मंगळवारी त्या आवाजाला जोर चढला. माझ्या गाण्यातलं मला अक्षर ऐकू येईना. मी माझा स्पीकर बंद केला आणि गप्प बसलो. मुद्दामच. तिला उद्या स्वतःची लाज वाटेल, असा माझा हिशेब होता. जाता येता मी तिच्याकडे अत्यंत सोशिक चेहऱ्यानं पाहायचो. नवल म्हणजे तीही माझ्याकडे तसंच पाहायची. दुपारी चहा घेताना तिनं मला एकदम विचारलं, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना? मन वगैरे?"

"उत्तम आहे. तुझं?"

"माझंही."

बायको काउंटरवरून आमच्याकडे कौतुकानं पाहत होती. तिच्या समोरच्या बाकावर कॉलेजातली एक मुलगी मान हलवत बसली होती. तिनं बायकोला विचारलं, "काकू, आत कुठलं गाणं लागलंय? ठेका भारी आहे."

"ते दोघांचं वेगवेगळं असतं गं," बायको म्हणाली. "मी त्यात पडत नाही."

बुधवारी मास्तर आले. दाढ अर्धी कोरून झाली होती, त्यांचा निम्मा चेहरा बधिर होता आणि माझं ड्रिल मधूनमधून दम लागल्यासारखं करत होतं. असल्या गोंगाटात यंत्रसुद्धा टिकत नाही, असं मी मास्तरांना सांगत होतो. तेवढ्यात गाणं एकदम टिपेला गेलं. किंकाळी, खडखडाट आणि त्यावर शिट्टी. मी तीन दिवस गिळलेलं सगळं घशाशी आलं. तह गेला चुलीत! मी हातमोज्यांसकट बाहेर धावलो.

बाहेर मुलगी तिच्या दारातून तशीच धावत आली होती.

"बंद कर ते!" मी.

"बाबा, आता पुरे, बंद करा ते!" ती.

"मी काय बंद करू? माझा स्पीकर कालपासून बंद आहे. तुझ्यापुढे चालतंय काय कोणाचं?"

"माझाही सोमवारपासून बंद आहे. मला वाटलं, तुम्ही कुठली तरी शंभर वर्षांपूर्वीची तबकडी मिळवलीत. कोणीतरी कण्हत होतं."

दोन्ही खोल्यांत शांतता होती. घर्रर्र-ठक मात्र चालूच होतं.

"मग गातंय कोण?" बायकोनं विचारलं.

आमच्या दोन्ही खोल्यांच्या मागे एक बोळकंडीवजा खोली आहे. तिथे कॉम्प्रेसर असतो. त्याच्या हवेवर दोघांचीही ड्रिल चालतात. बायकोनं त्या खोलीचं दार उघडायला आणि धडाम् व्हायला एकच गाठ पडली. नळी निसटून फूत्कार टाकत भिंतीवर आपटली, जळक्या तेलाचा वास सुटला आणि दवाखान्यातली सगळी ड्रिल एका दमात गप्प झाली. मागे वळून पाहिलं तर छातीवर कागदी रुमाल आणि तोंडात कापूस घेऊन मास्तर दारात उभे होते. "गाणं वंपलं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या दाढेत मी हातानं तात्पुरतं सिमेंट भरलं. बाकीच्या पेशंटना बायकोनं पुढच्या आठवड्यात ढकललं. त्यातले तिघं समोरच्या डॉक्टरकडे गेले. आदल्या दिवशीची कॉलेजातली मुलगी पुन्हा आली होती, ती तर जाताना म्हणाली, "समोर गाणी लावत नाहीत, पण दात तरी बघतात."

मेकॅनिक आला, झाकण काढून बराच वेळ आत बघत राहिला.

"आवाज किती दिवस येत होता?"

"तीन दिवस," मुलगी म्हणाली.

"आणि कोणालाच ऐकू आला नाही?"

"आला ना."

"मग?"

"या दोघांना वाटलं, गाणं आहे," बायको म्हणाली. मेकॅनिकनं एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा आत डोकं घातलं. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

दोन्ही स्पीकर कपाटात गेले. दवाखान्यात आता शांतता असते आणि पेशंट म्हणतात, तिचीच जास्त भीती वाटते.

एक गोष्ट मात्र मी घरात कोणाला सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका. बुधवारी सकाळपर्यंत ते गाणं मला आवडायला लागलं होतं. पोरीची निवड अगदीच टाकाऊ नाही, असंही मनात येऊन गेलं होतं. घर्रर्र-ठकवर माझा उजवा पाय आपोआप ताल धरत होता. आता ड्रिलचं पायडल त्याच पायाखाली असतं, त्याला मी काय करणार? मास्तरांची दाढ ठेक्यात कोरली गेली आहे, एवढंच.