अमावास्येस गेलेल्या अर्जाची हकीकत

श्रीगजाननास वंदून आणि तिखटमीठ बेताचेच लावून, जैसे घडले तैसे लिहिले ऐसे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ अमावास्या, भृगुवासर, ते दिवशी दौलतीवर थोर प्रसंग गुदरला. धनी राजश्री त्र्यंबकराव यांची कन्या केतकीबाई यांस पशुवैद्यकीच्या विद्यालयात जागा मिळाली होती, आणि ती कायम करण्याचा अर्ज संगणकावरून त्याच सायंकाळी पाचाच्या आत जावा, न गेल्यास जागा दुसऱ्याने न्यावी, ऐसा करार होता. अमावास्येस शुभकार्य करू नये हा तर घराण्याचा रिवाज. राव बहुत चिंतेत पडले. मग पहाटे सर्वांआधी उठून, संगणकातील तारीख फिरवून, त्यांनी तेथे गेल्या सालचा दसरा आणून बसविला, आणि साडेतीन मुहूर्तांतला एक फुकटात साधला म्हणून आपल्याच अकलेवर खूष होऊन गुपचूप चहास बसले.

दुपारी केतकीबाई अर्ज भरावयास बसल्या, तो विद्यालयाचे पान उघडेना. पडद्यावर लाल खूण आणि खाली अक्षरे, 'तुमचे घड्याळ मागे आहे.' राव खवळले. दिवाणखान्यातील घड्याळ थोरल्या मातोश्रींच्या हुकुमाने सदैव दहा मिनिटे पुढे ठेवीत, कोणास कोठे उशीर न व्हावा म्हणून.

"आमचं घड्याळ मागे? अख्ख्या आळीच्या पुढे आहे ते! यंत्र धडधडीत खोटं बोलतं!" राव गरजले.

"सरकार, यंत्रास वेड लागले," दिवाण भुजंगपंतांनी री ओढली, आणि स्वतः मोहिमेवर निघाले. मग पान पुनःपुन्हा उघडून पाहिले, मग कॅशे झाडून काढिली, मग कुकीज हद्दपार केल्या, मग दुसरा ब्राउझर चाकरीस बोलाविला, तो तर त्याच माळेचा मणी निघाला. मग राउटरची मान पिरगाळून तो निजविला आणि पुन्हा उठविला. मग इंटरनेटवाल्यांस फोनवर फैलावर घेतले, आणि ते बापडे "लाइन चालू आहे हो" इतकेच म्हणत राहिले.

इतक्यात भिंतीवर पाचाचे टोले पडले. केतकीबाईंनी तोंडास ओढणी लाविली. लहानपणी लंगडे वासरू मांडीवर घेऊन बसणारी ती पोर, तिचे मुसमुसणे ऐकून रावांचे काळीज चरकले.

"केतके," राव खाली मान घालून बोलिले, "पहाटे मी तारखेला हात लावलाय. अमावास्या चुकवावी म्हणून दसरा केला. त्यानं काही बिघडतं का गं?"

"बाबा! अहो, प्रत्येक साइट आपलं ओळखपत्र दाखवते आणि त्यावर मुदत असते. आपल्या यंत्राच्या लेखी आज गेला दसरा, आणि ते ओळखपत्र दिलंय त्यानंतर! मग त्याला आत कोण घेणार? पण आता काय उपयोग, वाजले की पाच!"

तरीही रागारागाने तिने तारीख आणि वेळ दुरुस्त केली, आणि पाहते तो काय, यंत्रात चार वाजून एक्कावन्न मिनिटे!

"सरकार, भिंतीवरचं दहा मिनिटं पुढे!" भुजंगपंत ओरडले.

पान झटक्यात उघडले. केतकीबाईंनी भराभर अर्ज भरिला, आणि शेवटच्या बटणापाशी बोट थांबवून वडिलांकडे पाहिले.

"बाबा, अमावास्या आहे हं."

रावांनी देवघराकडे हात जोडिले आणि म्हणाले, "असू दे. दाब!"

अर्ज पोहोचला, जागा कायम जाहली, पोच छापून आली. त्यावरील तारखेस रावांनी स्वहस्ते कुंकू लाविले.

तात्पर्य, मागे ओढिल्या तारखेने बुडविले, पुढे ढकलिल्या काट्याने तारिले. केतकीबाई आता दूरदेशी गाईम्हशींची नाडी पाहावयास शिकतात, आणि त्या दौलतीत तेव्हापासून शुभ मुहूर्त साडेतीन नव्हेत, साडेचार मानितात.